सज्ञान

मी वेणूपेक्षा बारा मिनिटांनी मोठी.
सिव्हिलच्या कागदावर तशी नोंद आहे :
मुलगी, पाच दहा. मुलगा, पाच बावीस.
अम्मा म्हणते, मधल्या वेळात नर्स चहा पिऊन आली.

एकवीस एप्रिलला दोघं अठराचे झालो.
मे महिन्याच्या पाच तारखेला,
पारा त्रेचाळीसवर, नळाला पाचव्या दिवशीचं पाणी,
आणि मोबाईलवर नानाच्या नावाचा मेसेज :
चार हजार चारशे नाही. बावीसशे.

बँकेची चूक असेल म्हणून अम्मानं महिना काढला.
मग रंगभवनजवळच्या वकीलबाईंनी जुना हुकूम उलगडून
पेनाच्या टोपणानं ओळ दाखवली —
मुलगा सज्ञान होईपर्यंत,
मुलगी विवाह होईपर्यंत.
"यात तुमच्या मालकांची चूक म्हणता येत नाही,"
बाई म्हणाल्या,
आणि टेबलावरचा पंखा आमच्याकडे वळवला.

अम्मा घरी येऊन सुपापाशी बसली.
पत्र्याचा फर्मा पानावर ठेवायचा,
कात्रीनं कडेकडेनं कापत जायचं.
बाहेर राहतं ते देठ, शिरा, चुरा.
त्याची विडी होत नाही.
कुणीतरी वयावर असाच फर्मा ठेवला
आणि वेणूची डिप्लोमाची दोन सेमिस्टरं
फर्म्याबाहेर राहिली.

आमच्या समाजाच्या देवळातल्या त्या पोराला
सोळाच वर्षं दिली होती म्हणतात.
फास पडला तेव्हा त्यानं पिंडीला मिठी मारली.
वेणूनं कशाला मारावी?
पॉलिटेक्निकच्या फीच्या खिडकीला?
ती दीड ते अडीच बंद असते.

पोटगी हा शब्द पोटापाशीच संपतो.
त्यात ड्रॉइंगशीट बसत नाही, परीक्षेचा फॉर्म बसत नाही,
रिक्षाचे जाऊन-येऊन चाळीस बसत नाहीत.

मी वहीत रेघ मारून लिहिलं :
भागी अकराशे, वेणू अकराशे.
(माझं नाव भाग्यलक्ष्मी. हाक भागी.)
त्यानं त्याचे अकराशे तंबाखूच्या डब्याखाली ठेवून दिले.
"तुझ्या लग्नापर्यंतचं आहे ते. मला कशाला?"
आणि त्याच रात्री टॉवेलच्या कारखान्यात गेला,
आठ ते आठ.
सकाळी केसांत कापूस,
म्हाताऱ्यासारखा. लेक्चरला तसाच.

शेजारची राजव्वा मला म्हणते, घाई करू नको गं,
अक्षता पडल्या की तोही नळ बंद.
हसते. मीही हसले.
मग रात्रभर माझ्या न ठरलेल्या लग्नाचा हिशेब करत पडले,
बावीसशे गुणिले बारा,
गुणिले किती?

जुलैत एकटीच दाजी पेठेत गेले, नानाच्या मागापाशी.
आत बोलता येत नाही.
त्या खटखटीत माणसं ओठ वाचतात.
मी फीचा कागद समोर धरला : सात हजार सातशे पन्नास.
नाना तुटलेला धागा जोडत होता.
गाठ पुरी केली, मग वाचलं.
ओठ हलले. मला "बे" एवढंच कळलं.
लहानपणी तो वेणूला तशीच हाक मारायचा, का बे!
किंवा ते "बघू" असेल.
कागदाची घडी घालून त्यानं सदऱ्याच्या खिशात ठेवली,
विड्यांचा बंडल ठेवतो त्या.

घरी वेणू शीटवर माग काढत होता.
समोरून, बाजूनं, वरून.
एकेक दांडा मापात.
मी विचारलं, चालवणारा माणूस कुठंय?
पेन्सिल न उचलता म्हणाला,
ड्रॉइंगमध्ये माणूस दाखवत नाहीत.

कागद नानाच्या खिशात आहे.
शेवटची तारीख एकोणतीस.